महापालिकेच्या अंदाजपत्रकात आमचा फुटपाथ : माझा अनुभव

पुणे महापालिकेच्या अंदाजपत्रकात तुम्हीआम्ही स्वतः काम सुचवू शकतो, हे अजूनही पुष्कळांना ठाऊक नसतं. ही सोय २००६ पासून आहे. पावसाळा सरत आला की, साधारण ऑगस्ट-सप्टेंबरात, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतात. फुटपाथ, पथदिवे, बसथांबा, बाक, स्वच्छतागृह अशी आपल्या प्रभागातली छोटी कामं त्यात मागता येतात. आम्ही भरला तेव्हा एका कामाला पाच लाखांची मर्यादा होती. जागा मात्र सार्वजनिक हवी. सोसायटीच्या आतल्या कामाला हा पैसा मिळत नाही.

फॉर्म एकट्यानेही भरता येतो, आणि मला तेच खटकतं. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ मध्ये ही पद्धत सुरू केली तेव्हा वस्त्यावस्त्यांतली माणसं सभेत समोरासमोर बसून कोणतं काम आधी हे ठरवत. शहराचं चित्र एकेकट्याच्या मागण्या जोडून तयार होत नाही. म्हणून आम्ही फॉर्मच्या आधी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून बैठक घेतली.

आले ते सगळे फ्लॅटवाले. बाक हवेत, कमान हवी, फुटपाथवर रंगीत ब्लॉक हवेत. तेवढ्यात आमच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका काकू म्हणाल्या, “अहो, या फुटपाथवरून चालतं कोण? आपण तर गाड्या काढतो.” त्या एका प्रश्नाने काम बदललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काही जणी बसथांब्यावर जाऊन उभ्या राहिलो. घरकामाला येणाऱ्या ताया, वॉचमनकाका, नातवंडांना महापालिकेच्या शाळेत सोडणारे आजी-आजोबा, सगळ्यांशी बोललो. एक ताई म्हणाल्या, “फुटपाथवर चढायचं कुठून? एवढी उंच पायरी. वर चढलं तर झाडाच्या मुळांनी फरशा उचकटल्यात. त्यापेक्षा आम्ही आपल्या रस्त्याच्या कडेनं जातो.” आमच्यापैकी कोणीच हे सांगितलं नव्हतं. मग रंगीत ब्लॉक मागे पडले आणि मागणी अशी ठरली: थांब्यापासून शाळेच्या फाटकापर्यंत सलग चालता येईल असा सपाट पट्टा आणि दोन्ही टोकांना रॅम्प.

टेप घेऊन रस्ता मोजला. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मानकाप्रमाणे चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. हे आकडे हाताशी असले की बोलणं तक्रारीवर थांबत नाही, कामावर येतं. कनिष्ठ अभियंता पाहणीला आले तेव्हा आम्ही नकाशा पुढे केला. त्यांनी एका ठिकाणी बोट ठेवलं. “ताई, हा डीपी बॉक्स महावितरणचा आहे. तो हलवायचा तर वेगळी परवानगी, वेगळा खर्च. तुमचं काम त्यातच अडकून बसेल. पट्टा त्याच्या बाजूनं घ्या.” तसाच घेतला. झाडांच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवायची, हेही तिथेच ठरलं.

खरी कसोटी फूलवाल्या मावशींवरून लागली. त्यांना उठवल्याशिवाय फुटपाथ मोकळा होणार नाही, असं दोघातिघांचं ठाम मत. मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, मावशींकडे महापालिकेचं प्रमाणपत्र होतं, आणि काळोख पडल्यावर त्या कोपऱ्यावर बायकांना निर्धास्त वाटतं ते त्यांच्यामुळेच. वाद बराच चालला. शेवटी मावशींनाच बैठकीला बोलावलं. त्यांनी दोन झाडांमधली जागा दाखवली: टोपल्या तिथे मावतात आणि १.८ मीटरही सुटतात. सोसायटीच्या दुचाकी मात्र आत घ्याव्या लागल्या, आणि त्यासाठी मावशींपेक्षा आमच्याच लोकांची जास्त मनधरणी करावी लागली.

फॉर्म भरून झाला की बहुतेक जण थांबतात. तिथे थांबू नका. पुढे खर्चाचा अंदाज निघतो, प्रभाग समितीत यादी ठरते, मग आयुक्तांचं अंदाजपत्रक, स्थायी समिती, मुख्य सभा. छापील अंदाजपत्रकात आपल्या कामाची ओळ शोधा आणि ती जशी छापली आहे तशीच उतरवून घ्या, कारण नंतरची प्रत्येक चौकशी त्याच नावाने होते. १ एप्रिलला नवं आर्थिक वर्ष सुरू होतं, पण म्हणून काम लगेच सुरू होत नाही. निविदा आणि वर्क ऑर्डर व्हावी लागते. या काळात आम्ही पाळ्या लावून चौकशी केली, म्हणजे एकाच माणसावर भार नको. काम चालू असताना रॅम्पचा उतार मोजला: एक फूट चढायला बारा फूट लांबी. व्हीलचेअरवरून येणारे आमच्या इमारतीतले काका स्वतः चढून-उतरून पाहायला आले.

यंदाचा फॉर्म घरकामाच्या ताया भरताहेत. संध्याकाळी परतताना त्यांची गल्ली अंधारी असते, तिथे दिवा हवा आहे. गल्लीत आधी असलेल्या खांबांचे क्रमांक त्यांनी टिपून आणलेत. कोणत्या दोन खांबांमध्ये अंधार आहे, ते कामाच्या वर्णनात लिहिलंय.