मोटारसायकलचं पुढचं चाक बसवताना: नट सैल असताना आणि आवळल्यावर

बेअरिंग बदलली, हब (चाकाचा मधला भाग) रॉकेलने धुतला, त्यातून आरपार जाणारा एक्सल घासून चकचकीत केला, इथवर चुकायला फारशी जागा नसते. चाक परत फोर्कमध्ये, म्हणजे त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या शॉकअपच्या दोन पायांमध्ये, जाताना मात्र चार-पाच वस्तू एका रेषेत याव्या लागतात आणि त्यातली एक जरी तिरकी राहिली तरी एक्सलचा नट गुपचूप आवळला जातो. तक्रार नंतर येते. म्हणून घरी हे काम करताना मी एकच कसोटी धरून चालतो: नट सैल असताना चाक जितकं मोकळं फिरतं, तितकंच तो आवळल्यावरही फिरायला हवं. आवळल्यावर जड झालं तर आत काहीतरी चुकलंय. 'चालवलं की होईल मोकळं' असं कधीच होत नाही.

माझी गाडी १५० सीसीची, ब्रेकची डिस्क उजवीकडे, मीटर गिअर (चाकाचं फिरणं केबलने स्पीड मीटरला पोचवणारा) डावीकडे, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे. तशी गाडी असेल तर हबवर भोकांची एक पातळ रिंग आणि तिच्यासमोर सेन्सर असतो. चाक आत सरकवताना ती रिंग कुठेही आपटू द्यायची नाही. वाकली तर मीटरवरचा एबीएसचा दिवा सांगेलच.

सांगलीत पुढची बेअरिंग लवकर का जाते हे आधी सांगतो, कारण बसवताना बेअरिंगवरच्या रबरी सीलकडे बघायचं ते त्यासाठीच. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडते तेव्हा सखल भागातल्या गाड्यांचे हब पाण्यात जातात, ऑगस्ट २०१९ मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. पण पूर रोज येत नाही. रोजचा शत्रू म्हणजे उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांना चिकटून रस्त्यावर येणारा काळा चिखल, आणि त्याहून मोठा शत्रू तो चिखल काढायला हबवर जवळून मारलेला पाण्याचा प्रेशर. ऑइल सील धूळ अडवतं, प्रेशर अडवत नाही. पाणी आत गेलं की ग्रीस दुधाळ होतं, मग गोळ्यांवर गंजाचे ठिपके येतात आणि चाक हाताने फिरवलं तर बोटांना बारीक खरखर लागते.

माझ्या हबात दोन्ही बाजूंना ६३०१ नंबरची बेअरिंग आहे: आतलं भोक १२ मिमी, बाहेरचा व्यास ३७, रुंदी १२. दुकानात नंबर सांगितला की "उघडी की रबराची?" असा प्रश्न येतो. दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलीच घ्यायची, तिच्या नंबरापुढे २ आरएस लिहिलेलं असतं. या दोन बेअरिंगच्या मधोमध एक नळी असते, डिस्टन्स पीस. सगळ्या कामाची गोम तिच्यात आहे. नट आवळल्यावर दाब असा जातो: उजवा फोर्क, कॉलर (एक्सलवरचं छोटं कडं), बेअरिंगची आतली रिंग, डिस्टन्स पीस, दुसऱ्या बेअरिंगची आतली रिंग, मीटर गिअर, डावा फोर्क. मधली नळी नसेल किंवा तिरकी असेल तर दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या कडेने घासतात आणि नवी कोरी बेअरिंग थोड्याच दिवसांत गरम होऊन जाते. नळी जागेवर असेल तर नट कितीही व्यवस्थित आवळला तरी गोळ्यांवर आडवा दाब येत नाही.

म्हणून बेअरिंग ठोकण्याचा क्रम असा: एक बाजू हबच्या खांद्याला टेकेपर्यंत पूर्ण, मग आत नळी, मग दुसरी बाजू फक्त नळीला टेकेपर्यंत. ठोकायचं ते बाहेरच्या रिंगवरच, जुनी बेअरिंग किंवा मापाचा सॉकेट वर ठेवून. टेकली की हातोड्याचा आवाज बदलतो, बद्द येणारा ठोका टणक होतो. तिथेच थांबायचं. बोट आत घालून नळी ढकलली तर ती किंचित सरकायला हवी. अजिबात हलत नसेल तर दुसरी बेअरिंग जास्त ठोकली गेलीय.

आता चाक गाडीत. गाडी डबल स्टँडवर, इंजिनखाली लाकडी ठोकळा. ठोकळा सायलेन्सरच्या पाइपखाली घालू नका, पाइप दबतो. टायरवरचा बाण पुढच्या दिशेने फिरतोय ना, हे चाक उचलायच्या आधीच बघायचं. सीलच्या ओठाला बोटभर लिथियम ग्रीस, एक्सलला नुसता पातळ हात. जास्त ग्रीस गरम होऊन डिस्ककडे यायला वेळ लागत नाही. एक्सल वाकलाय का हे बघायला खिडकीच्या काचेवर घरंगळवला तरी पुरतं, एक्सल आणि काचेच्या मधून उजेड डोलताना दिसला की एक्सल वाकडा.

मीटर गिअरवर थोडं थांबतो, कारण घरी केलेल्या कामात सगळ्यात जास्त चूक इथेच होते. गिअरच्या आत पत्र्याचे दोन कान असतात आणि हबवर त्यांच्यासाठी दोन खाचा. गिअर हबवर नुसता टेकवला तर तो बसल्यासारखा दिसतो, पण कान खाचेत नसतात, खाचेच्या काठावर असतात. फरक जेमतेम दोन-तीन मिमीचा. तळहाताने गिअर दाबून धरायचा आणि चाक सावकाश फिरवायचं. कान खाचेवर आले की हाताखाली 'टक' होतं आणि गिअर खाली बसतो. हा टक आल्याशिवाय पुढे जायचं नाही. तसाच नट आवळला तर कान दुमडतात, चाक जड होतं आणि मीटरचा काटा शून्यावर झोपतो. दुसरी गोष्ट, गिअरच्या बाहेरच्या अंगाला एक उंचवटा असतो, तो डाव्या फोर्कच्या खालच्या ठोकळीला अडला पाहिजे. नाहीतर गाडी चालताना गिअरचं घर चाकाबरोबर फिरतं आणि केबल पिळून तुटते.

पुढे डिस्कऐवजी ड्रम ब्रेक असलेल्या गाडीत हाच मुद्दा जिवावरचा आहे. ब्रेक प्लेटची (ड्रमचं झाकण) खाच फोर्कवरच्या उंचवट्यात बसली नाही तर ब्रेक दाबताक्षणी प्लेट चाकाबरोबर फिरते, केबल ओढली जाते आणि चाक जागच्या जागी जाम. खाच बसलीय हे डोळ्याने बघा आणि प्लेट हाताने पुढेमागे हलवून खात्री करा.

डिस्कवाल्यांनी चाक बाहेर असताना ब्रेकच्या लिव्हरला हात लावू नये. लागलाच, तर डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे पॅड एकमेकांना चिकटतात आणि मध्ये डिस्क जात नाही. मी चाक काढल्या काढल्या पॅडच्या मध्ये घडी घातलेला पुठ्ठा सारून ठेवतो, साधारण डिस्कच्या जाडीचा. पॅड बंद झालेच तर लाकडी फळीच्या टोकाने पॅडमागचा पिस्टन हळूहळू मागे ढकलायचा. त्याआधी हँडलवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून भोवती फडकं गुंडाळायचं, कारण तेल वर येतं. ब्रेक ऑइल टाकीच्या रंगावर पडलं तर पुसत बसू नका, लगेच भरपूर पाणी ओता.

जमिनीवर बसून दोन्ही पायांचे चवडे टायरखाली घालायचे आणि चाक पायांनीच उचलायचं, म्हणजे हात मोकळे राहतात. डिस्क पॅडच्या मध्ये, मीटर गिअर डाव्या ठोकळीला, उजवीकडे कॉलर, मग एक्सल. एक्सल हाताने फिरवत फिरवत आत जायला हवा. अडला की हातोडा शोधायचा नाही. नव्वद टक्के वेळा कॉलर अर्धा मिमी खाली सरकलेली असते, चवडे जरा वर केले की एक्सल सुळकन जातो.

नट हाताने लावा, पान्याने नुसता टेकवा आणि चाक फिरवून बघा. मग गाडी स्टँडवरून खाली घ्या, पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर भार देऊन पुढचे शॉकअप चार-पाच वेळा दाबा. याने फोर्कचे दोन्ही पाय आपापल्या जागी येतात. हे न करता नट आवळला तर एक पाय आतल्या बाजूला ओढलेला राहतो, शॉकअप जड चालतात आणि त्यांचे ऑइल सील लवकर गळायला लागतात. एक्सलला पकडणारा आडवा पिंच बोल्ट असेल, तर तो याच्यानंतर, सगळ्यात शेवटी.

नट किती आवळायचा, हा आकडा प्रत्येक गाडीचा वेगळा आणि तो गाडीच्या पुस्तकात असतो. टॉर्क पाना घरी नसला तर मी धान्याची पोती मोजायचा ताणकाटा वापरतो. हळदीच्या गावात तो मिळायला अडचण नाही. पान्याच्या टोकाला काट्याचा हुक अडकवायचा आणि पान्याला काटकोनात ओढायचं. पुस्तकात ४५ न्यूटन मीटर असेल आणि नटाच्या मध्यापासून हुकापर्यंत अंतर २५ सेंमी असेल, तर काट्यावर साधारण १८ किलो आले की झालं. हिशोब सोपा: आकड्याला ९.८१ ने भागायचं, मग मीटरमधल्या लांबीने भागायचं. याउलट ६० किलोचा माणूस त्याच पान्यावर पाय देऊन उभा राहिला तर नटावर दीडशेच्या घरात न्यूटन मीटर येतात. गॅरेजमध्ये आटे गेलेले एक्सल दिसतात ते बहुतेक असेच.

नट सैल होऊ नये म्हणून एक्सलमधून आरपार जाणारी कॉटर पिन नवीन घालायची, दोन-चार रुपयांची वस्तू आहे. नायलॉनवाला नट हाताने सहज शेवटपर्यंत फिरत असेल तर तोही बदला, त्याची पकड संपलेली असते.

आता कसोटी. गाडी परत डबल स्टँडवर घेऊन चाक फिरवा. पॅडची हलकी सळसळ चालते, पण ती पूर्ण फेरीभर सारखी हवी. एकाच जागी घासत असेल तर डिस्क वाकलीय. मग टायर समोरासमोरच्या दोन टोकांना धरून आडवा हलवा, खटखट यायला नको. मीटरची केबल लावताना चाक फिरवत राहायचं, आतली चौकोनी तार आपोआप भोकात बसते. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून केबल आणि ब्रेकचा पाइप ताणला जात नाही ना, तेही बघून घ्या.

आणि गाडीवर बसण्याआधी ब्रेकची लिव्हर दाबत राहा. पिस्टन मागे ढकललेला असेल तर पहिले काही दाब पोकळ जातात, लिव्हर थेट मुठीला टेकते. ती कडक झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही. घरून निघालात आणि पहिल्याच वळणावर आठवलं, असं होऊ देऊ नका.

पहिली फेरी गल्लीतच, चालण्याच्या वेगात, पुढचा ब्रेक दोन-तीनदा हलका दाबत. मग विश्रामबागेपर्यंत जाऊन यायचं आणि उतरल्यावर हबच्या मध्याला हात लावून बघायचा. डिस्क कोमट असणारच, तिला बोट लावू नका. हब गरम असेल तर नळी किंवा मीटर गिअर, आणि ब्रेक न दाबता डिस्क तापली असेल तर पिस्टन अडकलाय. दुसऱ्या दिवशी नटाला पुन्हा एकदा ताणकाटा लावला, सरकला नव्हता.