पुरस्कार सुनेला नको, सुनेच्या भूमिकेला हवा

मराठी वाहिन्यांचे पुरस्कार सोहळे मी दरवर्षी आवर्जून पाहते, आणि दरवर्षी माझी एक तक्रार अधिक पक्की होत जाते. या सोहळ्यांत मालिकांमधल्या नात्यांना भरभरून बक्षिसे मिळतात. त्या मालिका घडवणाऱ्या कामाच्या वाट्याला मात्र फारच थोडे येते. सर्वोत्कृष्ट सासू, सर्वोत्कृष्ट सून, सर्वोत्कृष्ट आई, सर्वोत्कृष्ट जोडी, सर्वोत्कृष्ट कुटुंब अशी नावे एकामागून एक पुकारली जातात, आणि बक्षीस नेमके कशाचे, त्या पात्राच्या सद्गुणांचे की ते पात्र उभे करणाऱ्या अभिनेत्रीच्या कौशल्याचे, हे शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. मालिकेतली सून सोशिक आणि समंजस असेल तर ते लेखकाने तिला दिलेले गुण आहेत. अभिनेत्रीने त्या सोशिकपणात कंटाळवाणेपणा येऊ न देता वर्षानुवर्षे तो पेलून धरला असेल, तर ते तिचे श्रेय आहे. परीक्षण व्हायला हवे ते या दुसऱ्या गोष्टीचे.

झी मराठी असो वा स्टार प्रवाह, हा सोहळा वाहिनीचा स्वतःचा असतो. मालिका तिच्याच, प्रेक्षक तिचेच, आणि सूत्रसंचालनही बहुधा तिच्याच कलाकारांकडे. चित्रीकरण प्रक्षेपणाच्या काही दिवस आधी झालेले असल्याने विजेत्यांची नावे पुष्कळदा आधीच फुटलेली असतात, त्यामुळे लिफाफा उघडताना वाटायला हवी ती हुरहुर वाटत नाही. यात वाहिनीचा हेतू वाईट आहे असे मी मुळीच म्हणणार नाही. रोज तेरा-चौदा तास सेटवर घालवणाऱ्या माणसांनी एक संध्याकाळ नटूनथटून एकत्र यावे, नाचावे, आईवडिलांना पहिल्या रांगेत बसवून त्यांच्यासमोर बक्षीस घ्यावे, हे पाहताना मलाही आनंदच होतो. परंतु ज्या सोहळ्यात जवळजवळ प्रत्येक मालिकेच्या पदरात काही ना काही पडेल अशी व्यवस्था केलेली असते, त्याला स्नेहसंमेलन म्हणणे योग्य ठरेल. पुरस्कार म्हटले की कोणीतरी हरले पाहिजे, आणि का हरले हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे.

दैनंदिन मालिकेचे काम किती अवघड असते, याचा विचार आपण प्रेक्षक फारसा करत नाही. आठवड्याचे सहा, कधी सात भाग द्यायचे, दर गुरुवारी येणाऱ्या टीआरपीच्या आकड्यांवर डोळा ठेवायचा, एखादा ट्रॅक चालत नसेल तर लगेच वळवायचा, आणि तरीही पात्रांच्या स्वभावाचा धागा तुटू द्यायचा नाही. यासाठी कथा, पटकथा आणि संवाद ही कामे बहुतेक वेळा वेगवेगळ्या हातांत असतात. ‘आई कुठे काय करते!’ ही मालिका २३ डिसेंबर २०१९ रोजी सुरू झाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये संपली. तिची मूळ कल्पना ‘श्रीमोयी’ या बंगाली मालिकेची, आणि त्याच मुळापासून हिंदीत ‘अनुपमा’ निघाली. तरीही तिची नायिका अरुंधती मला कधी उसनी वाटली नाही. नमिता वर्तक यांची पटकथा आणि मुग्धा गोडबोले यांचे संवाद यांमुळे ती आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरातली बाई झाली. रागावली तरी मोजकेच बोलणारी, आणि म्हणूनच जे बोलली ते लक्षात राहणारी. मधुराणी प्रभुलकर यांनी अरुंधतीच्या घटस्फोटाच्या काळात जे काम केले, ते मी अलीकडच्या वर्षांत छोट्या पडद्यावर पाहिलेले सर्वांत चांगले काम आहे. पुढे आशुतोषचे येणे, लग्न आणि मग त्याचा मृत्यू या वळणांत मालिका स्वतःचेच म्हणणे विसरत गेली, असे माझे मत आहे, आणि ती एखादे वर्ष आधी थांबली असती तर अधिक आदराने आठवली गेली असती. एकाच मालिकेच्या आयुष्यात असे चढ आणि उतार असतात. संपूर्ण वर्षाला एक ‘सर्वोत्कृष्ट मालिका’ ठरवणाऱ्या पद्धतीत ते दिसूच शकत नाहीत.

‘ठरलं तर मग’ बद्दलही मला असेच वाटते. डिसेंबर २०२२ पासून चाललेली ही मालिका तमिळमधील ‘रोजा’वरून आलेली. नायिका सायली हीच लहानपणी हरवलेली खरी तन्वी आहे हे प्रेक्षकाला ठाऊक, आणि घरातल्या माणसांना मात्र ते कळता कळत नाही. रहस्याचा हा प्रकार मला आवडतो, कारण त्यात धक्क्यापेक्षा तळमळ अधिक असते. पण ती तळमळ ताणायलाही मर्यादा असते, आणि सायलीला वाढवणाऱ्या मधुभाऊंच्या खटल्याने ती ओलांडली होती. तरीही आम्ही ही मालिका सोडली नाही, आणि त्याचे कारण जुई गडकरी आणि अमित भानुशाली यांच्याइतकेच पूर्णा आजी हेही होते. ही आजी साकारणाऱ्या ज्योती चांदेकर यांचे १६ ऑगस्ट २०२५ रोजी निधन झाले, तेव्हा आमच्या घरात खरोखरच कोणी आपले गेल्यासारखी शांतता पसरली. रंगभूमीवर घडलेली अभिनेत्री रोजच्या मालिकेत किती नेमकेपणा आणू शकते, हे त्यांनी दाखवले होते: आजीचा दरारा त्यांनी आवाज चढवून नव्हे, तर वाक्याच्या आधी थांबून निर्माण केला. पुढे ही भूमिका रोहिणी हट्टंगडी यांच्याकडे गेली, हा निर्णय मला योग्य वाटला, कारण अशा जागी तोलामोलाचेच माणूस हवे होते. दुसऱ्याने घडवलेले पात्र चालू मालिकेत उचलणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. त्याचीही दखल घेणारा एखादा विभाग असायला हरकत नाही.

झी मराठीवरची ‘लक्ष्मी निवास’ मी नियमाने पाहत नाही, पण तिच्यातील तुषार दळवी यांचा श्रीनिवास मला मोलाचा वाटतो. आयुष्यभर नोकरी करून स्वतःच्या घराचे स्वप्न उराशी धरलेला, मुलांपुढे हात पसरायला लाजणारा बाप त्यांनी कुठेही रडका होऊ दिलेला नाही. हीदेखील मुळात कन्नड मालिका. दुसऱ्या भाषेतून कथा आणण्यात गैर काही नाही, परंतु इतक्या मालिका जर बाहेरून येत असतील, तर मराठीत स्वतंत्रपणे सुचलेल्या आणि इथल्या मातीतून आलेल्या कथेसाठी एक वेगळे पारितोषिक ठेवले पाहिजे. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रित झालेली, मालवणी बोलीला मानाने पडद्यावर आणणारी ‘रात्रीस खेळ चाले’ प्रल्हाद कुडतरकर यांनी लिहिली, आणि त्यांनीच तिच्यात पांडूची भूमिकाही केली. असे लेखक वाहिन्यांना हवे असतील, तर त्यांना मंचावर मध्यभागी बोलवावे लागेल, जाहिरातींच्या घाईत उरकलेल्या ‘तांत्रिक विभागां’त नव्हे.

अमेरिकेत दुपारी लागणाऱ्या दैनंदिन मालिकांसाठी १९७४ पासून डेटाइम एमी हे स्वतंत्र पुरस्कार दिले जातात. त्यांत सर्व वाहिन्यांच्या मालिका एकाच पंक्तीला बसतात, निवड व्यवसायातील माणसे करतात, आणि मालिकेच्या संपूर्ण लेखनचमूसाठी वेगळा पुरस्कार असतो. ‘ऑल माय चिल्ड्रन’ या मालिकेतील सुझन लुची या अभिनेत्रीला अठरा वेळा नामांकन मिळूनही हात हलवत परतावे लागले होते, आणि १९९९ साली एकोणिसाव्या खेपेस तिचे नाव पुकारले गेले, तेव्हा सारे सभागृह उभे राहून टाळ्या वाजवत राहिले. त्या टाळ्यांत आधीच्या अठरा पराभवांचे वजन होते. आपल्याकडच्या सोहळ्यांत असा क्षण येऊच शकत नाही, कारण तिथे कोणाला रिकाम्या हाताने घरी पाठवण्याची पद्धतच नाही.

साधेपणाने सोहळा करता येतो, हेही आपण पाहिले आहे. २३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीच्या विज्ञान भवनातील राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘नाळ २’ मधील चिमुकली बालकलाकार साडी नेसून राष्ट्रपतींच्या हातून पुरस्कार घ्यायला गेली, आणि नाच नसताना, विनोदी प्रहसन नसतानाही ते दृश्य महाराष्ट्रभर पुन्हा पुन्हा पाहिले गेले. त्याआधी २०२४ साली गोव्यातील इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ‘लंपन’ या मराठी मालिकेला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला, तोही इतर भाषांतल्या मालिकांशी स्पर्धा करून. परंतु तो विभाग ओटीटीचा. संध्याकाळी सात ते दहा या वेळात लाखो घरांत लागणाऱ्या मालिकांना तिथे प्रवेश नाही. ‘मटा सन्मान’सारख्या काही पुरस्कारांत निरनिराळ्या वाहिन्यांच्या मालिका एकत्र विचारात घेतल्या जातात, ही चांगली गोष्ट आहे. पण मालिका पाहणाऱ्या घरांत त्यांची चर्चा वाहिनीच्या सोहळ्याइतकी होत नाही.

सर्व मराठी वाहिन्यांनी मिळून वर्षातून एक संध्याकाळ द्यावी, असे मला मनापासून वाटते. प्रत्येक मालिकेने आपल्या वर्षभराच्या भागांतून एकच भाग निवडून परीक्षकांकडे पाठवावा, आणि त्याच भागाच्या लेखनाचे, दिग्दर्शनाचे, संकलनाचे, अभिनयाचे मूल्यमापन व्हावे. त्या भागातली दोन-तीन मिनिटे सोहळ्यात दाखवली, तर विजेता का जिंकला हे घरी बसलेल्यांनाही दिसेल. प्रक्षेपण थेट असावे, आणि ते दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीने करावे. तिची स्वतःची रोजची मालिका या चढाओढीत नसेल, तर यजमानपद तिच्याकडे देण्यास कोणाचीच हरकत असू नये. प्रेक्षकांच्या मतदानाला एक विभाग अवश्य राखावा, कारण लोकप्रियता ही काही कमी दर्जाची गोष्ट नव्हे. बाकीचे विभाग मात्र ज्यांनी स्वतः लिहिले, दिग्दर्शित केले, कॅमेऱ्यासमोर उभे राहिले, त्यांच्यावर सोपवावेत, आणि ज्या मालिकेशी परीक्षकाचा त्या वर्षी संबंध आला असेल, तिच्या वेळी त्याने मत देऊ नये.