जुन्या पायथन प्रोजेक्टला ब्लॅक लावताना

कर्जाचे हप्ते आणि व्याज यांचा हिशोब करणारी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली एक सिस्टिम आमची टीम पुण्यातून सांभाळते. तिला ब्लॅक, म्हणजे कोडची मांडणी आपोआप एकसारखी करणारा फॉर्मॅटर, कसा लावला त्याची ही गोष्ट. कोड जुना, त्यावर हात फिरवून गेलेली माणसं बरीच. कुणी ओळीला ७९ अक्षरांची मर्यादा पाळलेली, कुणी दीडशेपर्यंत गेलेलं. एका फाइलीत एकेरी अवतरणचिन्हं, शेजारच्या फाइलीत दुहेरी. कोड चालत होता, त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार रिव्ह्यूबद्दल, म्हणजे एकमेकांचा कोड तपासण्याबद्दल, होती. पुल रिक्वेस्ट (आपले बदल तपासून मुख्य कोडमध्ये मिसळण्याची, म्हणजे मर्ज करण्याची विनंती) उघडली की आधी दिसायचं ते "इथे स्पेस हवी", "ही ओळ तोड", "कंस खालच्या ओळीवर घे". व्याज नेमकं कुठल्या दिवसापासून मोजलं जातंय हा खरा प्रश्न त्या गर्दीत मागे पडायचा. नव्याने आलेल्या मुलामुलींना तर रिव्ह्यू म्हणजे हेच असं वाटू लागलं होतं, आणि मला त्याचा मनापासून त्रास व्हायचा.

गो भाषेत मांडणीचा हा वाद उरलेलाच नाही, कारण गोफम्ट हा फॉर्मॅटर भाषेसोबतच येतो. जावास्क्रिप्टवाल्यांना २०१७ मध्ये प्रिटिअर मिळालं. पायथनसाठी वुकाश लांगा यांनी २०१८ मध्ये ब्लॅक आणलं. आज रफ या दुसऱ्या साधनाचा फॉर्मॅटरही आहे, तो ब्लॅकच्याच वळणाचा आणि फार वेगवान. आम्ही ब्लॅक निवडलं ते त्यात सेटिंग जवळजवळ नाहीत म्हणून. ओळीची लांबी डीफॉल्ट ८८, म्हणजे ८० आणि वर दहा टक्के. टीममध्ये कुणाला १२० हवे होते, कुणाला एकेरी अवतरणचिन्हं तशीच ठेवायची होती. मी एकाच गोष्टीवर अडून बसले: डीफॉल्टला हात लावायचा नाही. एक सेटिंग बदललं की पुढच्यावर चर्चा सुरू होते, आणि आम्हाला तर ती चर्चाच संपवायची होती.

आधी फाइली न बदलता नुसता डिफ, म्हणजे काय काय बदलेल ते, काढून पाहिला. एवढा मोठा डिफ सगळा वाचणं शक्य नव्हतं, पण हिशोबाच्या मॉड्यूलचा मी वाचला, आणि तिथे एक गोष्ट सापडली. कर्जाच्या स्थितींची एक यादी होती, एका ओळीवर एक स्ट्रिंग (अवतरणातला मजकूर). मधल्या एका ओळीच्या शेवटी स्वल्पविरामच नव्हता. पायथनमध्ये असे लागून आलेले दोन स्ट्रिंग काही न बोलता जोडले जातात, त्यामुळे 'थकीत' आणि 'बंद' या दोन स्थितींऐवजी यादीत 'थकीतबंद' असा एकच निरर्थक शब्द होता. एकाखाली एक लिहिलेलं असताना हे कुणाच्या नजरेत आलं नव्हतं. ब्लॅकने ते दोन्ही तुकडे एका ओळीवर शेजारी आणून ठेवले, आणि बघता क्षणी खटकलं.

"यातच स्वल्पविराम टाकून देऊ का?" एका सहकाऱ्याने विचारलं.

"नको. वेगळी पुल रिक्वेस्ट कर, टेस्टसकट. ती आधी मर्ज होऊ दे."

या मुद्द्यावर मी आजही ठाम आहे. फॉरमॅटिंगच्या कमिटमध्ये (एकत्र नोंदवलेल्या बदलांमध्ये) फॉरमॅटिंगशिवाय एक अक्षरही असू नये. हजारो ओळींचा तो कमिट कुणी माणूस तपासणार नसतो. भरवसा असतो तो यंत्राच्या तपासणीवर: ब्लॅक आधीच्या आणि नंतरच्या कोडचे सिंटॅक्स ट्री (कोडच्या रचनेचे आराखडे) बनवतं आणि ते जुळतात का ते पाहतं. कोड जे करत होता तेच करत राहतो, त्यातल्या चुकीसकट. त्यात हाताने एक जरी दुरुस्ती घातली तर ती हमी गेली. आम्ही आणखी एक पडताळणी केली. सहकाऱ्याने त्याच्या मशीनवर आधीचा कमिट घेतला, ब्लॅकची तीच आवृत्ती चालवली आणि माझ्या कमिटशी तुलना केली. फरक शून्य. या एका गोष्टीमुळे मॅनेजरही निर्धास्त झाले.

खरी हरकत आली ती आमच्या सरांकडून. व्याजदरांचं एक टेबल कोडमध्येच आहे, मुदत आणि रकमेच्या टप्प्यांनुसार. सरांनी ते मोकळ्या जागा सोडून इतकं नीट मांडलं होतं की सगळे दशांशचिन्ह एकाखाली एक येत. ब्लॅक अशा जास्तीच्या स्पेस काढून टाकतं. सर म्हणाले, "अगं, दर बदलले की मी हे टेबल डोळ्यांनी तपासतो. रांग मोडली तर चुकीचा आकडा दिसणारच नाही." त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. टेबलाच्या वर 'एफएमटी: ऑफ' आणि खाली 'एफएमटी: ऑन' अशा कमेंट टाकल्या, की ब्लॅक तेवढा भाग सोडून देतं. ही सोय आम्ही दोनच प्रकारच्या मजकुरासाठी ठेवली, आकड्यांची टेबलं आणि मॅट्रिक्स. 'मला असं आवडतं' म्हणून कुणालाही ती मिळत नाही.

उघड्या ब्रँचचं (प्रत्येकाच्या कामाच्या, अजून मर्ज न झालेल्या शाखांचं) काय, ही सगळ्यांची धास्ती होती. मेनवरचा, म्हणजे मुख्य शाखेवरचा, सगळा कोड एका फटक्यात बदलला की प्रत्येकाच्या ब्रँचवर कॉन्फ्लिक्टचा (एकमेकांशी न जुळणाऱ्या बदलांचा) पाऊस पडणार. ज्यांच्या ब्रँच लहान होत्या त्यांना आधीच मर्ज करायला लावलं. उरलेल्यांसाठी क्रम असा होता: फॉरमॅटिंगच्या अगदी आधीचा कमिट आपल्या ब्रँचमध्ये मर्ज करायचा, मग आपल्या ब्रँचवर त्याच आवृत्तीचं ब्लॅक चालवून कमिट करायचं, मग फॉरमॅटिंगचा कमिट 'अवर्स' (आपलीच बाजू ठेवणाऱ्या) स्ट्रॅटेजीने मर्ज करायचा. आपली बाजू आधीच फॉरमॅट झालेली असल्यामुळे त्या मर्जमध्ये काही गमावत नाही. मात्र मेनवर त्यानंतर आलेलं काहीही या मर्जमध्ये येता कामा नये, नाहीतर इतरांचे बदल गुपचूप पुसले जातात. ते नंतर नेहमीसारखं मर्ज करायचं. पहिल्या सहकाऱ्याबरोबर मी स्वतः बसले, पुढच्यांनी वाचून केलं.

कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या गिटमधल्या ब्लेमची काळजीही रास्त होती. दर चुकला की ती ओळ कुणी आणि का बदलली हे आम्ही ब्लेमवरूनच शोधतो, आणि आता प्रत्येक ओळीवर माझंच नाव दिसलं असतं. गिटच्या २.२३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, ब्लेमला ठरावीक कमिट वगळायला सांगता येतात. त्या कमिटचा हॅश (ओळख क्रमांक) एका फाइलीत लिहायचा आणि प्रत्येकाने आपल्या कॉन्फिगमध्ये त्या फाइलीचं नाव द्यायचं. इथे एक खाच आहे: पुल रिक्वेस्ट स्क्वॉश करून (सगळे कमिट एकात मिसळून) मर्ज केली तर हॅश बदलतो. म्हणून आधी मर्ज केलं आणि मेनवर आलेला हॅश पुढच्या कमिटमध्ये नोंदवला.

शेवटी प्री-कमिट हुक (कमिट करण्याआधी आपोआप चालणारी तपासणी) आणि सीआयवर, म्हणजे सर्व्हरवर आपोआप होणारी, तपासणी. हुकची सवय व्हायला नव्या लोकांना थोडा वेळ लागतो. कमिट अडतं, फाइल आपोआप बदललेली असते, ती पुन्हा ॲड करून कमिट करायचं. दोन्हीकडे ब्लॅकची आवृत्ती एकच, आकड्यासकट बांधलेली. हे विसरलं तर एकाच्या लॅपटॉपवर बरोबर ठरलेला कोड सीआयवर लाल होतो, आणि मग लोक फॉर्मॅटरलाच दोष देतात.

रिव्ह्यूमधल्या कमेंट आता कमी असतात, पण लांब असतात. "लीप वर्षात हा हप्ता कसा येईल?" असं परवा एका फ्रेशर मुलीने सरांना विचारलं, आणि सरांनी टेस्ट वाढवली.

ब्लॅकची स्थिर शैली बदलते ती वर्षाच्या पहिल्या प्रकाशनात. त्यामुळे जानेवारीनंतर आम्ही आवृत्ती वाढवतो, तेव्हाही हेच करतो: वेगळा कमिट, दुसऱ्या मशीनवर पडताळणी, आणि ब्लेमच्या त्या फाइलीत आणखी एक हॅश.