एक स्पेलिंग, चार शब्द : 'साउंड'ची नोंद लिहिताना

मराठी माध्यमातून अकरावीला आलेल्या मुलांसाठी पुण्यातले आम्ही काही शिक्षक मिळून एक इंग्रजी-मराठी शब्दसंग्रह तयार करतो आहोत. अवघड शब्द मुलं कोशात बघतात. अडतात ती सोप्या शब्दांपाशी, कारण सोपा शब्द आपल्याला येतो असं त्यांनी गृहीत धरलेलं असतं. म्हणून आम्ही मुद्दाम रोजचेच शब्द निवडले आणि आपापसांत वाटून घेतले. माझ्या वाट्याला 'साउंड' आला. अशी नोंद प्रत्यक्षात कशी तयार होते हे मी सविस्तर लिहिते आहे. कुणाला आपल्या शाळेत किंवा कॉलेजात असं काम करायचं असेल तर त्याला उपयोग होईल.

आमचं काम तपासणारे सर संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक आहेत. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं, "मॅडम, कोश उघडायचा नाही. आधी वाक्यं गोळा करा. एका चिठ्ठीवर एक वाक्य." ही पद्धत पुण्याला नवी नाही. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. कत्रे यांनी संस्कृतचा ऐतिहासिक कोश सुरू केला, तो अशाच चिठ्ठ्यांवर उभा आहे. त्या चिठ्ठ्यांची संख्या कोटीच्या घरात जाते, आणि कोशाचा पहिला भाग बाहेर पडायला १९७६ साल उजाडलं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशासाठीही जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये सामान्य वाचकांना आवाहन करून चिठ्ठ्या मागवल्या होत्या. त्या कोशाचा पहिला खंड-भाग १८८४ला आला आणि शेवटचा १९२८ला. हे आकडे माहीत असले की आपलं काम संथ चाललंय म्हणून जीव घाबरा होत नाही.

मी अकरावी-बारावीची पुस्तकं घेऊन बसले. भौतिकशास्त्रात 'साउंड' म्हणजे ध्वनी, तिथे प्रश्न नाही. वाणिज्यच्या पुस्तकात कंपनीची 'साउंड' आर्थिक स्थिती निघाली. तर्कशास्त्रात 'साउंड' युक्तिवाद, कायद्यात 'साउंड माइंड', भूगोलाच्या नकाशावर 'प्युजेट साउंड', हवामानाच्या धड्यात वातावरणाचं 'साउंडिंग', वर्तमानपत्रात 'साउंडिंग रॉकेट'. चिठ्ठ्या वाढत गेल्या तसा एक मोह होऊ लागला. सगळे अर्थ एकाच मुळातून फुटले असतील असं धरून एका अर्थापासून दुसऱ्यापर्यंत पूल बांधत जायचा मोह. शब्दांवर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाला तो होतो. पण नोंद लिहिताना आधी व्युत्पत्ती बघायची आणि त्यानुसार चिठ्ठ्यांचे ढीग करायचे, हा नियम सरांनी घालून दिला होता. तो पाळल्यावर चार ढीग झाले. म्हणजे एकाच स्पेलिंगखाली चार स्वतंत्र शब्द होते.

पहिला ढीग आवाजाचा. हा शब्द लॅटिन 'सोनुस'पासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिन 'सोनुस' आणि संस्कृत 'स्वन' ही एकाच घराण्यातली भावंडं. आपल्याकडे भाषाविज्ञानात 'स्वन', 'स्वनिम' म्हणतात, ध्वनीपेक्षा वेगवान विमानाला 'स्वनातीत' म्हणतात, ते याच 'स्वन'वरून. चौदाव्या शतकात, चॉसरच्या काळी, इंग्रजीत हा शब्द 'सून' असा उच्चारला जाई. वर्गात हे सांगितलं तेव्हा मुली हसल्या आणि ही माहिती त्या कधी विसरणार नाहीत याची मला खात्री पटली. पुढे इंग्रजीतले दीर्घ 'ऊ' बदलून 'आउ' झाले. 'हूस'चं 'हाउस' झालं, 'मूस'चं 'माउस' झालं (आपल्या 'मूषका'चा हा इंग्रज चुलतभाऊ), तसं 'सून'चं 'साउन' झालं. शेवटचा 'ड' मुळात नव्हताच, तो उच्चाराच्या ओघात 'न'च्या मागून येऊन चिकटला. 'थंडर'मधला 'ड'ही असाच मागाहून आलेला आहे, आणि संस्कृत 'वानर'चं हिंदीत 'बंदर' होताना जो 'द' आला त्याची जातकुळीही तीच. जीभ 'न'वरून निघते तेव्हा वाटेत हे वर्ण आपसूक पडतात.

दुसरा ढीग निकोपपणाचा, आणि माझं सर्वांत जास्त मन रमलं ते इथे. हा शब्द अस्सल जुन्या इंग्रजीतला आहे, 'गेसुंद'. जर्मनमध्ये आजही 'गेझुंट' म्हणजे निरोगी, आणि कुणी शिंकलं की जर्मन लोक म्हणतात 'गेझुंटहाइट'. इंग्रजीत पुढचा 'गे' गळून पडला आणि 'सुंद'चं 'साउंड' झालं. न किडलेलं लाकूड, न तडकलेली भिंत, गाढ झोप, बिनतोड युक्तिवाद, भरवशाची गुंतवणूक, या सगळ्याला इंग्रजीत हे एकच विशेषण चालतं. मराठीत तसं चालत नाही. प्रत्येक नामासाठी वेगळा शब्द शोधावा लागतो, आणि तो जोडीनेच लक्षात ठेवावा लागतो. 'बिनतोड झोप' म्हणून चालणार नाही. म्हणून या नोंदीत आम्ही सुटे अर्थ न देता जोड्या दिल्या.

'साउंड माइंड'शी मी बराच काळ थबकले होते. भारतीय करार कायदा १८७२ मधलं बारावं कलम करारापुरतं 'साउंड माइंड' म्हणजे काय ते सांगतं : करार करताना माणसाला तो समजत असला पाहिजे आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेक करता आला पाहिजे. १९२५च्या वारसा कायद्यातही मृत्युपत्र करणाऱ्यासाठी हीच अट आहे. 'निरोगी मन' लिहिलं तर अर्थ भलतीकडे जातो, कारण कायदा मनाच्या आरोग्याची तपासणी करत नाही, त्या वेळच्या समजुतीची करतो. शिवाजीनगर कोर्टाच्या परिसरात दस्त लिहिण्यात हयात घालवलेले आमचे एक नातेवाईक आहेत. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "अगं, आपण काय लिहितो? 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने लिहून दिले.' झालं की तुझं!" खरंच झालं होतं. 'अक्कलहुशारीने' या एका शब्दात कलमाचा गाभा बसतो, आणि तो कुणी भाषांतरासाठी घडवलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या कागदावर उमटत आलेला आहे. पारिभाषिक शब्द घडवण्याआधी दस्त, पावत्या, जुनी पत्रं बघावीत, असं माझं तेव्हापासून ठाम मत आहे.

याच ढिगात आणखी एक गोष्ट हाती लागली. निरोगी माणसाला आपण 'ठणठणीत' म्हणतो. चोख नाणं 'खणखणीत' असतं. जोरदार चोपाला, ज्याला इंग्रजीतही 'साउंड' हे विशेषण लागतं, आपण 'सणसणीत' म्हणतो. ठण, खण, सण : तिन्ही आवाज! कसब्यातल्या कुंभारवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडाला माठ घ्यायला जा. माणसं तो बोटाच्या पेरांनी वाजवून घेतात, नीट भाजलेला आणि न तडकलेला माठ वेगळा बोलतो. म्हणजे वस्तू निकोप आहे की नाही हे मराठी माणूस कानाने ठरवतो आणि भाषेत तसंच म्हणतो. मी उत्साहाने सरांना विचारलं, मग इंग्रजीतही आवाजावरूनच निकोपपणाचा अर्थ आला नसेल कशावरून? सरांनी 'गेसुंद'वर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे मराठीचं वैभव आहे, ते मराठीच्या खात्यावर लिहा. इंग्रजीच्या व्युत्पत्तीत घुसवू नका." पहिल्या आणि दुसऱ्या शब्दाची गाठ इंग्रजीत केवळ उच्चार बदलत गेल्यामुळे पडली. मुळाशी त्यांची ओळखदेखील नव्हती.

तिसरा ढीग पाण्याचा, लहानसा. जुन्या नॉर्समध्ये आणि जुन्या इंग्रजीत 'सुंद' म्हणजे पोहणं. इंग्रजी 'स्विम'च्याच कुळातला शब्द. त्यावरून दोन भूभागांमधली, पोहून जाता येईल अशी पाण्याची पट्टी म्हणजे 'साउंड'. डेन्मार्क आणि स्वीडनमधला ओरेसुंद हे याचं ठळक उदाहरण. तिथून जाणाऱ्या जहाजांकडून डेन्मार्कचे राजे १४२९ पासून १८५७ पर्यंत जकात घेत होते, आणि २००० सालापासून त्यावर पूल आहे. मराठीत याला 'सामुद्रधुनी' म्हणावं. अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरच्या प्युजेट साउंडला मात्र, जमिनीत खोलवर शिरलेला असल्यामुळे, 'खाडी' जवळचं वाटतं. एका मुलाने विचारलं, "मॅडम, लाटांचा आवाज येतो म्हणून तसं नाव का?" हा प्रश्न रास्तच होता. नोंद चार ठिकाणी फोडायची ती अशाच प्रश्नासाठी.

चौथा ढीग खोली मोजण्याचा. फ्रेंच 'सोंदे' म्हणजे पाण्याचा तळ अजमावणं. त्यासाठी दोरीला शिशाचं वजन बांधून ती पाण्यात सोडत आणि किती दोर गेली ते मोजत. इंग्रज खलाशी 'फॅदम'मध्ये मोजत, सहा फूट म्हणजे एक फॅदम. आपल्या किनाऱ्यावरचे कोळी यालाच 'वाव' म्हणतात, दोन हात पसरल्यावर भरतं तेवढं अंतर. मिसिसिपी नदीवर दोन वाव पाणी लागलं की 'मार्क ट्वेन' अशी हाळी देत, आणि सॅम्युअल क्लेमेन्सने ती हाळी आपलं टोपणनाव म्हणून घेतली.

मनाचा अंदाज घेण्यालाही इंग्रजीत हाच शब्द वापरतात. त्यासाठी प्रतिशब्द शोधायला मला कुठे जावंच लागलं नाही. 'थांग लागणे', 'ठाव घेणे' हे आपण रोज बोलतो आणि दोन्हींत पाण्याचा तळच आहे. 'कानोसा घेणे'ही चाललं असतं, पण त्यात कान आहे, आणि कान आला की वाचणारा पुन्हा पहिल्या ढिगाकडे जाईल. म्हणून ते मी गाळलं. वैद्यकातल्या 'साउंड' नावाच्या सळईला सरांनी सुश्रुताची 'एषणी' सुचवली. जखमेची वाट आणि खोली शोधणारं साधन, अर्थ तंतोतंत तोच.

हवामानाचं 'साउंडिंग'ही याच घरातलं. फुग्याला बांधून वर सोडायच्या उपकरणाला 'रेडिओसोंड' म्हणतात, त्यातला 'सोंड' म्हणजे खलाशांची तीच दोरी. फक्त इथे ती वर जाते. आपल्या शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस'चा चौक आहे. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्यात आलं, त्यावरून हे नाव पडलं. त्या चौकातून रोज बसने जाणाऱ्या मुलांना हा धागा सांगितला की शब्द एकदम ओळखीचा होतो. २१ नोव्हेंबर १९६३ला थुंब्याहून उडालेलं भारतातलं पहिलं 'साउंडिंग रॉकेट'ही याच अर्थाचं, वातावरणाच्या वरच्या थरांचा थांग घेणारं. त्याचा आवाजाशी संबंध नाही.

आणि तरी एका ठिकाणी पहिला आणि चौथा शब्द खरोखर एकत्र येतात. जहाजावरून ध्वनिलहरी खाली सोडायच्या, त्या तळावर आपटून परत यायला किती वेळ लागतो ते मोजायचं आणि त्यावरून खोली काढायची, याला 'एको साउंडिंग' म्हणतात. साउंडने केलेलं साउंडिंग! ही जुळणी मला फार आवडते, आणि मी ती दोन्ही नोंदींत परस्परसंदर्भ म्हणून ठेवली आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या शब्दाचं नातं मात्र वादाचं आहे. फ्रेंच शब्द लॅटिनमधल्या 'लाटेखाली' अशा अर्थाच्या शब्दावरून आला असं काही विद्वान मानतात. दुसरे म्हणतात, तो उत्तरेकडच्या खलाशांकडून फ्रेंचांनी घेतला, कारण जुन्या इंग्रजीत खोली मोजायच्या काठीला आणि दोरीला 'सुंद' जोडूनच नावं होती. मला हे दुसरं मत पटतं. दोरी हातात धरणाऱ्यांचा शब्द पंडितांच्या लॅटिनपेक्षा दर्यावर्दींकडून येणं जास्त स्वाभाविक आहे. सरांनी माझं मत ऐकून घेतलं, पण नोंदीत 'मूळ वादग्रस्त, क्र. ३ शी संबंध संभवतो' एवढंच ठेवायला सांगितलं, आणि ते योग्य होतं.

मसुदा तयार झाल्यावर तो मुलांपुढे ठेवला. वाक्य द्यायचं आणि त्यातला 'साउंड' चारांपैकी कितवा ते विचारायचं, एवढीच परीक्षा. भोरहून रोज ये-जा करणारी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, म्हणजे मला एका शब्दाचे इतके अर्थ पाठ होत नव्हते ते माझं चुकत नव्हतं. ते शब्दच वेगळे आहेत." तिच्या या बोलण्यावरून आम्ही नोंदीची मांडणी ठरवली : चार मोठे क्रमांक, प्रत्येकाखाली एका ओळीत मूळ, मग जोड्या, मग वाक्यं. अर्थच्छटा वाढवत बसलो नाही. ऑक्सफर्डच्या कोशात एकट्या 'रन' या क्रियापदाच्या ६४५ अर्थच्छटा पीटर गिलिव्हर यांनी नोंदवल्या आणि त्याला नऊ महिने घेतले. तो कोश वेगळ्या कामासाठी आहे. अकरावीच्या मुलाला आधी फाटा दिसला पाहिजे.

शेवटच्या वाचनात सरांनी एकच बदल केला. दुसऱ्या क्रमांकाच्या नोंदीत मी 'निकोप' सर्वांत वर ठेवलं होतं, त्यांनी तिथे 'ठणठणीत' नेलं. ती नोंद आता पक्की झाली आहे आणि माझ्याकडे 'पाउंड' आलाय. त्याचे ढीग तीन होतील असं दिसतंय : वजन, जनावरांचा कोंडवाडा आणि कुटणं. चिठ्ठ्या सुरू केल्या आहेत.