पान कुठाय?

हा प्रश्न मला पहिल्यांदा जिन्यात विचारला गेला. श्रावणातला रविवार होता. सिंहगडावरून उतरून, भजी आणि मडक्यातलं दही पोटात आणि चिखलाचे बूट हातात, असा मी तिसऱ्या मजल्याकडे निघालो होतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दाराशी चपला लावत होत्या. काकूंनी तीसेक वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. असं माणूस जिन्यात भेटल्यावर मोबाइल पुढे न करण्याइतका संयम माझ्यात नाही. पिवळंधमक फूल, पाकळीवर पावसाचा थेंब, मागे विरघळलेलं धुकं. घरच्या ग्रुपवर तोवर या फोटोला सतरा अंगठे मिळाले होते. काकूंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला, मागचा पाहिला.

"छान आलाय," त्या म्हणाल्या. "पान कुठाय?"

मला वाटलं, फोटो अर्धवट उघडला असावा. पण तसं नव्हतं. माझ्या एकशे बारा फोटोंत एकही धड पान नव्हतं.

यावर काकूंचं म्हणणं असं, की माझे फोटो स्थळ म्हणून पाठवायच्या फोटोंसारखे असतात. चेहरा तेवढा उजळ, बाकी सगळं धूसर. उंची कळत नाही, घरदार दिसत नाही, आणि कूळ विचारलं की मंडळी गप्प. वनस्पतिशास्त्रातही कूळच विचारतात हे मला तेव्हा नव्याने कळलं. सूर्यफुलाचं कूळ, शेंगांचं कूळ, निवडुंगाचं कूळ. आणि कूळ ठरवायला नुसता चेहरा पुरत नाही. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा गुळगुळीत की दातेरी, देठ आहे की पान खोडालाच मिठी मारून बसलंय, खोड गोल की चौकोनी, अंगावर लव आहे का, आणि फुलाच्या पाठीमागे काय आहे. फुलाला पाठ असते हेसुद्धा माझ्या लक्षात आलेलं नव्हतं.

मी फोटोवरून फुलाचं नाव सांगणाऱ्या ॲपचा आधार घेऊन पाहिला. त्या सोनकीला (ती सोनकीच होती, भाद्रपदात आपले अर्धे गड पिवळे करणारी) ॲपने कुठल्याशा युरोपातल्या कुरणात नेऊन बसवलं आणि वर ब्याण्णव टक्के खात्री दिली. इतकी खात्री मला माझ्या स्वतःच्या सहीबद्दलही नसते. ॲपचा फार दोष नाही म्हणा. त्याला मी दाखवलं काय, तर पिवळा गोल आणि एक थेंब.

तर त्या पावसाळ्यापासून मी पानांचे फोटो काढायला लागलो. हे बोलायला सोपं आहे. डोंगरावर फूल टेकायला जागा देत नाही. जमिनीपासून वीतभर उंच ते, त्याच्यासाठी आधी गुडघे, मग कोपरं, मग छाती असं टप्प्याटप्प्याने चिखलात उतरावं लागतं. श्वास रोखून नेम धरला की नेमका वारा सुटतो. फूल नंदीबैलासारखी मान हलवतं आणि मोबाइल त्याच्या मागच्या गवताच्या काडीवर जीव लावून बसतो. काडी मात्र अशी स्पष्ट येते, की तिच्यावरच्या कुसळांची मोजदाद करावी. बायको छत्री आडवी धरून वारा अडवते. ती छत्री तिने माझ्यावर धरलेली नाही, फुलावर धरलेली आहे, हे बघून वाटेने जाणारे लोक थांबतात. भर उन्हात पांढरं फूल चुन्याच्या डागासारखं येतं. निळं फूल मोबाइलला जांभळंच दिसतं. त्यामुळे ढगाळ हवा पडली की बाकीचे ट्रेकर "व्ह्यू गेला" म्हणून हळहळतात आणि आमचा मुहूर्त लागतो. प्रत्येक फुलाशेजारी एक रुपयाचं नाणं ठेवायचं, म्हणजे मापाचा अंदाज येतो, हीदेखील काकूंची शिकवण. या नादात तीन-चार रुपये तरी सह्याद्रीला अर्पण झालेत.

कासच्या पठारावर तर ही कसरत आणखी अवघड. तिथे लोक फुलांचा फोटो काढत नाहीत, फुलांत बसून स्वतःचा काढतात. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, तेव्हापासून तर फुलं आहेत म्हणून माणसं की माणसं आहेत म्हणून फुलं, असा संभ्रम पडावा. मी तिथे वाटेच्या कडेला पालथा पडून सीतेच्या आसवांचे फोटो घेत होतो. काय नाव दिलंय कुणी! ओल्या कातळावर जांभळ्या-निळ्या थेंबांचा सडा. घरी आल्यावर काकूंना जरा नाट्यमय आवाजात म्हटलं, "सीतेची आसवं."

"हो, आणि ती किडे खातात," काकू म्हणाल्या. "खालचा भाग घेतलास का?"

खालचा भाग चिखलात होता. तिथे या वनस्पतीच्या बारीक बारीक पिशव्या असतात. पाण्यातला एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी असलेल्या केसाला लागला, की डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी दार उघडतं, पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो आणि दार लागतं. कातळावरच्या पातळ मातीत नत्र फारसं नाही, ते असं कमवावं लागतं. वर अश्रू, खाली खानावळ. माझ्या फोटोत फक्त अश्रू होते.

पुण्यात राहून या गोष्टीचा अडाणीपणा शोभत नाही, असं काकूंचं मत आहे. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा जो मोठा ग्रंथ १९०१पासून पुढे भागाभागाने निघाला, तो लिहिणारे थिओडोर कुक हे मूळचे रेल्वेचे इंजिनिअर, नंतर पुण्याच्या सायन्स कॉलेजचे, म्हणजे आज सीओईपी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इंजिनिअरिंग संस्थेचे प्राचार्य. इंजिनिअर माणसाने फुलांच्या मागे लागावं ही पुण्याची रीत तेव्हापासूनची असावी. (मीही इंजिनिअरच. पण साम्य तिथेच संपतं.) काकूंनी एकदा त्यातली दोन-तीन वर्णनं मला वाचून दाखवली. आधी झुडूप की वेल, मग खोड, मग पान: लांबी, रुंदी, टोक, कडा, देठ, शिरा. फूल येतं ते निम्मं वर्णन सरल्यावर, पंगतीत जिलबी यावी तसं. कोरेगाव पार्कच्या बाजूला भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागाचं कार्यालय आहे. तिथल्या संग्रहातही कागदावर चिकटवलेले वाळके नमुनेच असतात. रंग केव्हाच उडालेला, पाकळ्या चहाच्या डागासारख्या झालेल्या. पण पान, खोड आणि जमलं तर मूळ जागच्या जागी. तेवढ्यावर शंभर वर्षांनीसुद्धा ओळख पटते. मी टिपतो तो रंग, आणि तोच आधी जातो.

काकूंचं स्वतःचं लाडकं फूल म्हणजे शिंदळ माकुडी. जुन्नरकडच्या कड्यांवर लोंबणारी, गडद तांबडी चांदणी. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिचं फ्रेरिया असं नाव ठेवलं. मला वाटलं, काकूंना त्या रंगाचं वेड असेल. नाही. तिचं नातेवाईक मंडळ जवळजवळ सगळं बिनपानांचं, निवडुंगासारखं, आणि ही एकटी पावसाळ्यात मांसल, भरलेली पानं धरते म्हणून. माणसाने किती पानाच्या बाजूचं असावं!

मागच्या ऑगस्टमध्ये मी आणि बायको उत्तराखंडातल्या फुलांच्या घाटीत जाऊन आलो. आपल्याकडे श्रावण म्हणजे पावसाळा. वर हिमालयात झाडांची हद्द संपते त्याच्याही पुढे तोच उन्हाळा. बर्फ वितळून पुन्हा पडेपर्यंत जे दोन-तीन महिने मिळतात, त्यात उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि परत झोपायचं. आपल्या सड्यांवरची, म्हणजे कासासारख्या कातळी पठारांवरची, फुलं हीच घाई करतात, फक्त तिथे भीती बर्फाची आणि इथे कोरड्या कातळाची. १९३१ साली फ्रँक स्माइथ आणि त्याचे सोबती कामेत शिखर चढून परतताना या दरीत उतरले, आणि तिचं नाव जगभर झालं. आता दरीखालच्या घांघरिया गावात मुक्काम करून सकाळी आत जायचं आणि संध्याकाळच्या आत बाहेर पडायचं असा नियम आहे. दरीत राहता येत नाही. चांगला नियम आहे.

दरीत शिरल्यावर पहिला धक्का बसला तो ओळखीच्या चेहऱ्याचा. खांद्याएवढा उंच, गुलाबी, दाट माजलेला तेरडा! आपल्या गौरीतला तेरडा गुडघ्याला लागतो, हा आमच्या खांद्याला खांदा लावून उभा. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण इथे तो डोंगरभर होता. बायकोने एक फुगलेली शेंग हळूच चिमटीत धरली. फट् आवाज झाला आणि बिया माझ्या चष्म्यावर. दोन हजार किलोमीटरवरच्या तेरड्यालाही तीच खोड.

मग निळी अफू दिसली. एका दगडाच्या आडोशाला, धुक्यात, एकटी. तो निळा रंग कशासारखा होता हे सांगायला मी हॉटेलवर तासभर शब्द शोधत बसलो आणि झोपी गेलो. सत्तेचाळीस फोटो काढले. पुण्यात आल्यावर सगळ्यांत चांगला फोटो काकूंना दाखवला. त्या बराच वेळ बघत राहिल्या, मी मनातल्या मनात मोजत होतो.

"काटे बघितलेस?"

"कसले काटे?"

"अरे, तिच्या शास्त्रीय नावातला दुसरा शब्दच मुळी काटेरी असा आहे. खोडावर, पानांवर पिवळसर काटे असतात."

म्हणजे ज्याने नाव ठेवलं तो त्या निळाईसमोर उभा राहिला आणि त्याने काटे लिहून घेतले. मला त्या माणसाचा राग आला आणि थोडं कौतुकही वाटलं. सत्तेचाळिसांपैकी एका फोटोत, कोपऱ्यात, चुकून अर्धं पान आलं होतं. मोठं करून पाहिलं. होते काटे.

शेजारच्या हेमकुंडच्या चढावर, चार हजार मीटरच्या वर, दम लागून दर दहा पावलांना थांबत असताना ब्रह्मकमळ सापडलं. खरं सांगतो, आधी वाटलं कुणी कोबीचा गड्डा टाकलाय. फिकट पोपटी, कागदासारख्या मोठाल्या पाकळ्या, धुक्याने ओल्या झालेल्या. या वेळी मी शहाणा झालो होतो. समोरून, बाजूने, वरून, सगळीकडून घेतलं. खालची लांबट, दातेरी पानंही घेतली. विजयी मुद्रेने काकूंकडे गेलो आणि त्यांनी विचारायच्या आधीच सांगितलं, "पान आहे."

"आहेच," त्या म्हणाल्या. "तू ज्याला पाकळ्या म्हणतोयस ना, तीसुद्धा पानंच."

फुलांच्या भोवतीची ती कागदी आवरणं म्हणजे सहपत्रं, फुलाच्या कामाला लावलेली पानं. उजेड आत येऊ देतात आणि थंडीवारा बाहेर ठेवतात. खरी फुलं आत, जांभळी, बारीक, दाटीवाटीने बसलेली. कूळ विचाराल तर सूर्यफुलाचं. म्हणजे झेंडूचं, शेवंतीचं, आणि ॲपने युरोपात धाडलेल्या माझ्या सिंहगडावरच्या सोनकीचं. मी चार हजार मीटर चढून सोनकीच्या चुलत बहिणीला भेटून आलो होतो.

पुण्यात ब्रह्मकमळ म्हटलं की मात्र वेगळीच गोष्ट. बाल्कनीतल्या कुंडीत असतं, वर्षभर वेडंवाकडं लोंबतं, आणि पावसाळ्यात एका रात्री फुलतं. त्या रात्री अख्ख्या मजल्याला आमंत्रण जातं. हा मूळचा मेक्सिकोकडचा पाहुणा, कूळ निवडुंगाचं. हिमालयाशी त्याचा काही संबंध नाही. पण आपण त्याला ब्रह्मदेवाचं कमळ म्हटलं, ओवाळलं, हळदीकुंकू वाहिलं, आणि आता ते पुण्याचंच झालं. याबाबतीत काकू शास्त्र बाजूला ठेवतात. त्यांच्याच बाल्कनीत ती कुंडी आहे, आणि फूल उमलायच्या रात्री त्याही "ब्रह्मकमळ बघायला या" असंच दारोदार सांगतात.

परवा रात्री असंच बोलावणं आलं. एकदम चार फुलं. दहाला अर्धी उघडली, साडेअकराला पूर्ण. वास जिन्यापर्यंत. पहिल्या मजल्यावरचे आजोबा खुर्ची घेऊन आले होते, मुलं पायजम्यावर होती, आणि सगळे जण पाळीपाळीने फुलाला गाल लावून फोटो काढून घेत होते. मी कुणाच्या मध्ये न येता खाली बसलो. लांबट, चपटं, हिरवंगार पान, त्याची नागमोडी कड, मधली जाड शीर, आणि त्या कडेच्या खाचेतून निघालेला फुलाचा वाकडा दांडा. नाणं ठेवून घेतलं, टॉर्च तिरका धरून घेतलं, पाठही घेतली. फुलाचा एकही नाही.

काकू मसाला दुधाचा ट्रे घेऊन आल्या. मी मोबाइल पुढे केला.

"काकू, बघा. नुसतं पान आहे या वेळी."

त्यांनी ट्रे कठड्यावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि फोटो मोठा करून पाहिला.

"हे पान नाही रे. खोड आहे हे, चपटं झालेलं. निवडुंग ना तो."

मी खाली कुंडीकडे पाहिलं, वर फुलांकडे पाहिलं.

"मग पान कुठाय?"

काकू इतक्या हसल्या की आजोबांनी खुर्चीतून वळून पाहिलं. मग पेला माझ्या हातात देत म्हणाल्या, "उद्या ये निवांत. मुळापासून सांगते."