ब्रूट, एक्स्ट्रा ड्राय आणि खानदेशातला मे महिना

धुळ्यात हायवेला लागून असलेल्या एका वाइन शॉपच्या शोकेसमध्ये स्पार्कलिंग, म्हणजे फसफसणाऱ्या वाइनच्या पाच-सहा बाटल्या ओळीने उभ्या होत्या. शोकेसचं तोंड पश्चिमेला. दुपारचे साडेतीन, मे महिना, रस्त्यावर चिटपाखरू नाही. त्यातली एक पांढऱ्या काचेची रोझे, म्हणजे गुलाबी वाइन, तिच्या अंगावर थेट ऊन. कधीपासून ठेवल्यात म्हणून विचारलं तर दुकानदार म्हणाला, "दिवाळीपाईन शे भाऊ. शो करता ठेयेल शे."

"आणि विकायला कोणत्या?"

"त्याच."

नाशिक ते जळगाव हा प्रवास लिहायला घेतला तो या शोकेसमुळे. मालेगाव, धुळे, पारोळा, एरंडोल हा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. पाटणादेवी छान आहे, सकाळी लवकर जा. उनपदेवचे गरम पाण्याचे झरे मे महिन्यात बघायला जाणं हा शुद्ध वेडेपणा, तो केला. झालं प्रवासवर्णन.

आता त्या बाटल्या. स्पार्कलिंग वाइनचे दोन वैरी, ऊन आणि उष्णता, आणि खानदेशात दोन्ही फुकट मिळतात. पांढऱ्या काचेतून उजेड आत शिरला की वाइनमध्ये गंधकाची संयुगं तयार होतात आणि बाटली उघडल्यावर उकडलेल्या कोबीचा, ओल्या लोकरीचा वास येतो. हिरवी काच बरीच वाचवते, गडद तपकिरी त्याहून जास्त. म्हणून रोझे घ्यायची असेल तर खोक्यातली किंवा मागच्या अंधाऱ्या फडताळातली मागावी. उष्णतेचं नुकसान मात्र काचेच्या रंगाने थांबत नाही. महिनोन् महिने तापलेली वाइन लवकर म्हातारी होते: रंग पिवळट-तपकिरी, वास कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा, बुडबुडे मंद. बुचाच्या वरचा कागद बोटाने चाचपून बघा. चिकट लागला किंवा खाली ओघळाचा डाग दिसला तर वाइन बुचातून पाझरली आहे, ती बाटली परत ठेवा. मागच्या लेबलवरची तारीखही बघा. साधी, द्राक्षाच्या हंगामाचं वर्ष न छापलेली बाटली ताजी असलेलीच बरी.

दुसरा गोंधळ नावांचा. आपल्याकडे फसफसणाऱ्या प्रत्येक बाटलीला शॅम्पेन म्हणतात, बर्थडेला फवारा मारायची बाटलीसुद्धा. शॅम्पेन फक्त फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांताची, रँस आणि एपर्ने या गावांच्या आसपासची. द्राक्षं मुख्यतः तीन: शार्डोने, पिनो न्वार, पिनो मनिए. तयार वाइनमध्ये साखर आणि यीस्ट घालून ती बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवतात. लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर पडते आणि आत सहा वातावरणांच्या आसपास दाब तयार होतो, मोटारीच्या टायरपेक्षा अडीच-तीन पट. मग मेलेल्या यीस्टच्या गाळावर ती पडून राहते. ब्रेडच्या भाजल्या कडेसारखा वास तिथूनच येतो. वर्ष न छापलेली शॅम्पेन किमान 15 महिने आणि वर्ष छापलेली किमान 3 वर्षं मुरवल्याशिवाय बाजारात आणता येत नाही.

स्पेनची कावा याच पद्धतीची, किमान 9 महिन्यांची. इटलीची प्रोसेको वेगळी: द्राक्ष ग्लेरा आणि दुसरं आंबवणं मोठ्या बंद टाकीत. त्यामुळे ती फळांच्या वासाची, हलकी आणि स्वस्त. त्यात कमीपणा काही नाही, फक्त शॅम्पेनच्या अपेक्षेने घेऊ नये. सगळ्यात खालच्या पायरीवर सोड्यासारखा वायू भरलेली वाइन. तिचे बुडबुडे जाडे, पाच मिनिटांत गायब. धुळ्याच्या शोकेसमधल्या दोन बाटल्यांवर अल्कोहोलचा आकडाच नव्हता. तो नुसता द्राक्षाचा रस होता, पण सोनेरी कागद आणि किंमत बघून कोणीही फसावं. शॅम्पेनवर साधारण 12 ते 12.5 टक्के लिहिलेलं असतं. तो आकडा आधी शोधा, सोनेरी कागद मागाहून.

माझं मत विचाराल तर खानदेशातल्या घरगुती जेवणासाठी खऱ्या शॅम्पेनवर पैसे घालवू नका. आयात शुल्क धरून एका बाटलीच्या पैशात नाशिकच्या चार येतात. दिंडोरीची शँडन किंवा सुलाची ब्रूट (म्हणजे कमी साखरेची), दोन्ही बाटलीत आंबवलेल्या. इथली मदार बरीचशी शेनिन ब्लां या द्राक्षावर. स्पार्कलिंगसाठी ते इतर वाइनच्या द्राक्षांपेक्षा लवकर तोडतात, साखर कमी आणि आंबटपणा शाबूत असताना. आपल्या उन्हात आठवडाभर उशीर झाला तरी आंबटपणा उतरतो आणि वाइन बेचव होते.

लेबलवरचा सगळ्यात फसवा शब्द म्हणजे एक्स्ट्रा ड्राय. नाव वाचून वाटतं अगदी कोरडी, प्रत्यक्षात ती ब्रूटपेक्षा गोड. लिटरमागे साखर अशी: ब्रूट नेचरमध्ये 3 ग्रॅमपेक्षा कमी, एक्स्ट्रा ब्रूटमध्ये 6 पर्यंत, ब्रूटमध्ये 12 पेक्षा कमी, एक्स्ट्रा ड्रायमध्ये 12 ते 17, सेकमध्ये 17 ते 32, दमी-सेकमध्ये 32 ते 50. ही नावं पडली तेव्हा लोक फारच गोड शॅम्पेन पीत, त्या मानाने 15 ग्रॅम म्हणजे कोरडीच. इतकी वर्षं झाली, कोणी बदलली नाहीत.

ही साखर खानदेशात फार महत्त्वाची. बुडबुडे आणि अल्कोहोल तिखटाची आग वाढवतात, साखर ती थोडी झाकते. शेवभाजीच्या तर्रीबरोबर ब्रूट नेचर म्हणजे जिभेवर निखारा. एक्स्ट्रा ड्राय चालेल, पण खरं सांगायचं तर शेवभाजीबरोबर ताकच प्यावं. भरीत वेगळं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास आणि ब्रूटचा भाजल्या ब्रेडचा वास एकमेकांना धरून चालतात, फक्त हिरवी मिरची हात राखून घालायला सांगा. भरताची वांगी खरी थंडीतली, मे महिन्यात मिळालं ते पाणचट होतं, तो दोष वाइनचा नाही.

पण खरी जोडी कुठे सापडली असेल तर जळगावच्या केळी वेफर्सशी. कच्च्या केळ्याचे, मीठ-मिरी घातलेले, नुकते तळलेले. तेल जिभेवर बसतं, ब्रूटचा आंबटपणा ते धुऊन काढतो. मिठाने आंबटपणाची धार बोथट होते आणि वाइन आहे त्यापेक्षा गोल लागते. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात राहून लोक स्पार्कलिंगबरोबर काजू आणि चीजचे चौकोन मांडतात, हे मला कधीच कळलेलं नाही.

आमरसाबरोबर मात्र हीच ब्रूट लिंबाच्या पाण्यासारखी आंबट लागते. गोडाच्या ताटात वाइन ताटाइतकी तरी गोड हवी, म्हणजे दमी-सेक, आणि ती जळगावात मिळेलच असं नाही. नसेल तर आमरसाच्या आधी ग्लास रिकामा करा.

आता थंड करणं. वाइन 8 ते 10 अंशांवर हवी. गाडीच्या डिकीत कधीच नेऊ नका. ओलं गोणपाट गुंडाळून सीटखाली ठेवली तर कोरड्या हवेत पाणी उडत राहतं आणि बाटली निदान तापत नाही, कूलरचंच तत्त्व. पोचल्यावर फ्रिजमध्ये तीन-चार तास उभी. रस्त्यात घुसळलेली बाटली तर रात्रभर ठेवा. घाई असेल तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर जाडं मीठ, अर्ध्या तासात काम होतं. नुसता बर्फ घालणारे फार भेटतात. खड्यांच्या मध्ये हवा राहते आणि बाटली जागोजागीच गारठते. फ्रीजरमध्ये विसरलात तर फुटेल.

उघडताना लोक बूच उडवतात आणि निम्मी वाइन सतरंजीवर जाते. गरम बाटलीत तर वायू वाइनमध्ये विरघळून राहतच नाही, दाब चढतो आणि बूच डोळा फोडू शकतं. कागद काढा, अंगठा बुचावर दाबून ठेवा, तारेचं कडं सहा अर्धे फेरे उलटं फिरवून सैल करा, पण काढू नका. वरून फडकं धरा, बाटली 45 अंशांत, कोणाच्याही तोंडाकडे नको. बूच घट्ट पकडा आणि बाटली बुडाकडून फिरवा. बूच वर येऊ लागलं की उलट दाबून धरा. फुस्स एवढाच आवाज आला पाहिजे.

एका बाटलीत 750 मिली, म्हणजे 125 मिलीचे सहा ग्लास. पाहुणे बारा असतील तर दोन आणा. आधी दोन बोटं ओता, फेस बसू द्या, मग दोन तृतीयांश भरा. ग्लास साबणाने धुतले असतील तर भरपूर पाण्याने खळबळून घ्या, साबणाचा थर राहिला की बुडबुडे मरतात. स्टीलचे पेले देणाऱ्या यजमानांवर माझा राग नाही, जीव लावून वाढतात ते, पण स्टीलमध्ये बुडबुडे दिसत नाहीत आणि निम्मी मजा तिथेच संपते.

उरलेल्या बाटलीच्या तोंडात चमचा उलटा अडकवून ठेवला की बुडबुडे टिकतात, असं कोणीतरी नक्की सांगतं. काही टिकत नाहीत. चिमट्याचं स्पार्कलिंगचं बूच मिळतं, ते लावून बाटली फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत वेफर्सबरोबर चालते.