परत न आलेली तीन पानं

आमच्या गाळ्यात आलं की समोरच्या भिंतीवर काचेच्या फ्रेममध्ये दोन परवाने दिसतात. एक 20-बी, दुसरा 21-बी. पहिला साध्या औषधांच्या ठोक विक्रीचा, दुसरा लस, इन्सुलिन, सीरम असल्या मालाचा. दोन्हींवर ‘सक्षम व्यक्ती’ म्हणून माझं नाव आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेत औषधांचे ठोक व्यापारी पावलोपावली आहेत, त्यातलाच आमचा एक गाळा. जागा 140 चौरस फूट आणि वर माळा. कायदा 10 चौरस मीटर मागतो, म्हणजे जेमतेम 108 फूट, त्यामुळे आम्ही तसे ऐसपैस.

मी फार्मसिस्ट नाही. किरकोळ मेडिकलला नोंदणीकृत फार्मसिस्ट लागतोच, ठोक विक्रीला मात्र दहावी पास आणि औषधांच्या कामाचा 4 वर्षांचा अनुभव असलेला माणूस चालतो, किंवा 1 वर्ष अनुभवाचा पदवीधर. मी बारावी करून बिलिंगला लागले. चार वर्षं भरल्यावर मोठ्या शेठनी माझं नाव परवान्यावर घालून घेतलं. त्या दिवशी त्यांनी आधी पेढा दिला आणि मग समोर बसवून 1986 सालची जे. जे. रुग्णालयाची हकिगत सांगितली. ग्लिसरीनमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं, 14 रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. ‘मधल्या कुणीही थांबवलं नाही. तू मधली आहेस,’ एवढंच म्हणाले. या धंद्यात महिन्याच्या ठरावीक पैशांवर परवान्याला नाव देऊन दुकानाचं तोंडही न बघणारे लोक मी पाहिलेत. त्यांच्याबद्दल मला जराही माया नाही.

तर 2024 चे गणपती. गौरींसाठी मी सोमवारीच भोरला गेले, आले ती शुक्रवारी. त्या दहा दिवसांत पेठेत माल आणणं म्हणजे दिव्य असतं. संध्याकाळी लक्ष्मी रस्ता बंद, गल्लीबोळांत मांडव, आणि कंपनीच्या डेपोचा टेम्पोवाला ‘विसर्जन झाल्यावर येतो’ म्हणून मोकळा होतो. रक्तदाबाची एक गोळी, टेल्मिसार्टन 40, आमच्याकडे संपली होती. ती रोज जाणारी. छोट्या शेठनी परराज्यातल्या एका नव्या पार्टीकडून 200 स्ट्रिप मागवल्या. पार्टीने परवान्यांच्या प्रती व्हॉट्सॲपवर पाठवल्या, बिल पक्कं, जीएसटी भरलेला, माल खासगी बसच्या पार्सलने आला. मंगळवारी आला, बुधवारी-गुरुवारी त्यातला थोडा विकलाही गेला.

शुक्रवारी सकाळी मी फ्रिजचं तापमान लिहिलं, 4 अंश होतं, आणि सवयीप्रमाणे रॅकवरून हात फिरवत गेले. टेल्मिसार्टनच्या खणातला खोका साधा होता. कंपनीच्या मोठ्या खोक्यावर लेबल असतं, बॅच, नग, वजन सगळं छापलेलं. इथे नुसती तपकिरी चिकटपट्टी. एक डबी उघडली. स्ट्रिप हातात घेतली तेव्हाच मन खट्टू झालं. फॉइल पातळ लागत होती. मूळ मालावर बॅच नंबर आणि तारीख मागाहून मारतात, बारीक ठिपक्या-ठिपक्यांची अक्षरं असतात, जरा वाकडीही बसतात. इथे बॅच नंबर नावाच्याच शाईत, नावाइतकाच सुबक छापलेला. 1 ऑगस्ट 2023 नंतर बनलेल्या 300 ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे आणि हा ब्रँड त्यातलाच. मी मोबाइल धरला. कोड चालला. कंपनीचं नाव, पत्ता, सगळं आलं. फक्त मोबाइलवर दिसणारी बॅच वेगळी आणि स्ट्रिपवरची वेगळी. दहा डब्या तपासल्या, दहाही कोडांतून तीच एक बॅच. कुणीतरी खऱ्या स्ट्रिपचा कोड उचलून सगळीकडे छापला होता.

मग मी खरेदीचं बिल काढलं. कंपनी आम्हाला ज्या भावाने देते त्यापेक्षा 18 टक्के कमी. बाहेरच्या माणसाला याचा अर्थ कळणार नाही. ज्या औषधांची किंमत सरकार ठरवतं त्यांवर आम्हा ठोकवाल्यांना 8 टक्के सुटतात, बाकीच्यांवर 10. म्हणजे समोरच्या व्यापाऱ्याने आपला सगळा नफा सोडला तरीही 18 टक्के येत नाहीत. तो माल एक तर चोरीचा असतो, नाही तर तो औषधच नसतो. छोट्या शेठनी एमबीए केलंय. हे गणित त्यांना माझ्याआधी यायला हवं होतं.

सॉफ्टवेअरमध्ये बॅचला कुलूप लावलं. शिल्लक 154. म्हणजे 46 स्ट्रिप बाहेर, सहा मेडिकलमध्ये. कुठे किती गेल्या ते मला दोन मिनिटांत कळलं, आणि याचा मला अभिमान आहे. ठोक विक्रीच्या बिलावर घेणाऱ्याचा परवाना क्रमांक, औषधाचं नाव, नग, बॅच आणि उत्पादकाचं नाव लागतं, आणि बिलाची प्रत 3 वर्षं जपायची असते. पण बऱ्याच ठिकाणी बिलिंगवाला पडद्यावर पहिली दिसेल ती बॅच दाबतो आणि पॅकिंगचा पोरगा हाताला लागेल तो माल भरतो. कागद बरोबर, माल दुसराच. या एका गोष्टीवरून मी वर्षानुवर्षं पोरांशी भांडत आलेय, बिल आणि स्ट्रिप शेजारी धरून बॅच जुळवायला लावते, दिवाळीच्या गर्दीतसुद्धा. ‘ताई फार किरकिर करतात’ हे मी कानांनी ऐकलंय. त्या दिवशी ती किरकिर कामाला आली.

सहाही दुकानांना फोन केले. ‘ती बॅच काउंटरवरून काढा, विकू नका, पोरगा येतोय.’ दोघं पोरं स्कूटरवर पिटाळली.

छोटे शेठ अकराला आले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘ताई, पार्टीला परत पाठवून देऊ. क्रेडिट नोट घेऊ. विषय संपला.’

मी म्हटलं, ‘परत गेला तर तो दुसऱ्याच्या रॅकवर जाईल.’

‘आपल्याकडे त्यांच्या लायसन्सची कॉपी आहे. कायदा आपल्या बाजूने आहे.’

ते अगदीच खोटं नव्हतं. औषध कायद्याच्या कलम 19(3) मध्ये विक्रेत्याला बचाव आहे. परवानाधारकाकडून घेतलं, योग्य ती दक्षता घेऊनही खोटं असल्याचं कळणं शक्य नव्हतं, आणि घेतलं तसंच नीट ठेवलं, तर तो दोषी नाही. पण आता आम्हाला कळलं होतं. सकाळी नऊपर्यंत आम्ही फसलेले होतो. त्यानंतर तो माल परत पाठवला असता तर आम्ही त्या साखळीतलेच एक झालो असतो. त्यांची भीती मला समजत होती. इन्स्पेक्टर आला की पेठेत अर्ध्या तासात बातमी फिरते, कंपन्या एजन्सी काढून घेतात, परवाना निलंबित होऊ शकतो. बावीस माणसांची चूल त्या गाळ्यावर आहे, त्यात माझीही.

मोठे शेठ तेव्हा घरीच असायचे, अंथरुणावर. मी त्यांना फोन लावला. ते म्हणाले, ‘भिंतीवर नाव तुझं आहे ना? मग मला काय विचारतेस?’ आणि फोन ठेवला.

मी औषध निरीक्षकांना फोन केला.

साहेब चार वाजता आले. त्यांच्याबद्दल मी चांगलंच लिहीन. आवाज चढवला नाही, आधी स्ट्रिप उजेडात धरून बघितली, मग कामाला लागले. फॉर्म 17 भरला, नमुना घेतला, त्याची किंमत देऊ केली, नमुन्याचे चार भाग करून लाखेने सील केले. एक भाग आमच्याकडे, एक शासकीय विश्लेषकाकडे, एक न्यायालयासाठी, एक ज्याच्याकडून माल आला त्याच्यासाठी. उरलेल्या मालाला फॉर्म 15 चा आदेश, विकायचा नाही, हलवायचा नाही. तपासणी वहीत नोंद केली. ती वही उलटताना त्यांनी मागची नोंद कधीची आहे ते पाहिलं आणि काही बोलले नाहीत. मी मात्र बोलते. नियम सांगतो की प्रत्येक विक्री-परवानाधारकाची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी. आमच्या वहीत वर्षंच्या वर्षं कोरी आहेत. साहेबांकडे किती दुकानं आणि हाताखाली किती माणसं, हे मला माहीत आहे, म्हणून राग त्यांच्यावर नाही. राग आहे तो ही पदं रिकामी ठेवणाऱ्यांवर.

संध्याकाळी ढोल वाजायला लागले तेव्हा पोरं परतली. 46 पैकी 39 स्ट्रिप परत आल्या होत्या. सात नव्हत्या. सातही धायरीच्या एकाच दुकानातून विकल्या गेलेल्या.

मी स्वतः गेले. दुकानदार ओळखीचा, प्रामाणिक माणूस. पण त्याच्या बिलांवर गिऱ्हाइकाचं नाव ‘रोख’. डॉक्टरच्या चिठ्ठीवरच द्यायची गोळी, तरी नाव नाही, डॉक्टर नाही. सगळेच असं करतात. लोकही नाव विचारलं की चिडतात, ‘गोळी घ्यायलाही आधार कार्ड लागतं का?’ म्हणतात. गोळ्यांचं एक पान घ्यायला दोन मिनिटं जास्त लागली तर त्यांना शेजारचं मेडिकल आठवतं. आम्ही दोघं त्याच्या स्टुलांवर बसून आठवत राहिलो. एक बाई समोरच्या सोसायटीतल्या, त्यांनी दोन पानं नेली होती. एक निवृत्त मास्तर. एका रिक्षावाल्याने आईसाठी नेलेलं एक. त्या तिघांपर्यंत पोचलो, चार पानं परत आली, त्यातल्या एकातल्या तीन गोळ्या गेलेल्या. मास्तरांच्या. त्यांना डॉक्टरकडे जायला लावलं. उरलेली तीन पानं कोणी नेली ते दुकानदाराला शेवटपर्यंत आठवलं नाही. दारावर कागद लावला. कोणी आलं नाही.

प्रयोगशाळेच्या अहवालात होतं की गोळीत टेल्मिसार्टन आढळलं नाही. विष नव्हतं. तसं म्हणून मला धीर देणारे पुष्कळ भेटले. पण रक्तदाबाच्या गोळीत काहीच नसेल तर माणसाला त्या दिवशी काही होत नाही. त्याचं पान संपतं, तो दुसरं आणतो. मधल्या दहा दिवसांत कधी पहाटे त्याचा हात लुळा पडला तर घरचे म्हणतात वय झालं होतं. त्या स्ट्रिपवर कोणी बोट ठेवणार नाही. म्हणून ती तीन पानं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

आणि त्या पार्टीचा परवाना खरा होता. 20-बी आणि 21-बी, दोन्ही चालू. पूर्वी ठोक परवान्याचं दर 5 वर्षांनी नूतनीकरण लागायचं. 2017 च्या दुरुस्तीनंतर तो रद्द वा निलंबित होईपर्यंत चालूच राहतो, फक्त 5 वर्षांनी शुल्क भरायचं. आमच्यासारख्यांचे हेलपाटे वाचले, हे मी नाकारत नाही. साहेबांनी नंतर सांगितलं की तिकडचे निरीक्षक त्या पत्त्यावर गेले तेव्हा शटर बंद होतं आणि शेजाऱ्यांनी तिथे औषधाचा खोका कधी पाहिलेला नव्हता. जागा मात्र 10 चौरस मीटरपेक्षा मोठी होती. कोणीतरी एकदा टेपने मोजली असणार. सक्षम व्यक्ती म्हणून ज्याचं नाव होतं तो कोण, त्याला स्वतःचं नाव कुठे कुठे लागलंय हे तरी ठाऊक होतं का, याचा मी खूप विचार करते. तोही माझ्यासारखा चार वर्षांच्या अनुभवाचा दाखला घेऊन उभा राहिला असेल.

हे लिहायला बसले ते ऑक्टोबर 2025 मुळे. छिंदवाड्याची मुलं कफ सिरपने गेली, त्यातली कित्येक नागपूरला उपचारांसाठी आणलेली. कोल्ड्रिफ, बॅच एसआर-13. इशारा आला तशी मी सॉफ्टवेअरमध्ये बॅच टाकली, मग त्यावर न विसंबता माळ्यावर चढून एकेक खोका हाताने पाहिला. नव्हती. छोटे शेठ खाली शिडी धरून उभे होते. त्या शुक्रवारनंतर आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही, पण आता नव्या पार्टीचं काही आलं तर ते कागद माझ्या टेबलावर ठेवतात आणि मी त्या गावातल्या ओळखीच्या ठोकवाल्याला फोन करून विचारेपर्यंत थांबतात.

धायरीच्या दुकानदाराची ऑर्डर मीच घेते. दर वेळी विचारते, काही कळलं का. परवा तो म्हणाला, ‘ताई, आता नका विचारू. मलाही रात्री आठवतं.’ मी बरं म्हटलं आणि ऑर्डर लिहून घेतली. त्यात टेल्मिसार्टन 40 ची 10 पानं होती. ती मी रॅकवरून स्वतः काढली, बिल शेजारी धरून बॅच जुळवली आणि खोक्यात भरली.